लालासाहेबाच्या दगडाची बिजागरी

उंब्रज, ५ फेब्रुवारी २०२४

चि. तहरीम हिस,
आजोबांचे अनेक दुवा. वि. वि.

मला ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा करावा लागतो आणि दुकानात स्टुलावर बसलेला माझा दोस्त लालासाहेब सगळं ऐकतो. म्हणून हे पत्र.

त्याने फौजेत असताना जैसलमेरच्या पोस्टिंगवरून आणलेला शिंपल्याचा दगड तू सांगलीला नेलास, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. कापसात ठेवला आहेस ना? तुझे भूशास्त्राचे सर त्याची जात ओळखायला तो घासायला सांगतात असं कळलं. लालासाहेब म्हणतो, पोरगी आपलीच हाय, खुशाल घासू दे. मी म्हणतो, घासू नकोस. आणि त्याची जात कशाला काढायची? आम्ही दोघांनी पन्नास वर्षांत एकमेकांची काढली नाही.

दूध पीत जा. दुवा आहेतच.
तुझा आजोबा, अल्लाबक्ष ट्रंकवाले

सांगली, १४ फेब्रुवारी

ती. आजोबांना,
तहरीमचा सलाम.

जात नव्हे, प्रजाती. हा जीवाश्म कालवासारखा दिसतो, पण कालव नाही. याच्या दोन शिंपल्या सारख्या नसतात. मोठीच्या चोचीला भोक असतं. त्यातून देठ काढून हा प्राणी समुद्राच्या तळाला चिकटून बसायचा, तुमच्या स्टुलावरच्या लालासाहेब आजोबांसारखा. बाहेरून यातले कितीतरी एकसारखे गुळगुळीत. खरी ओळख आत, बिजागरीच्या पट्ट्यांत. म्हणून आधी प्लॅस्टरची हुबेहूब प्रत काढली आणि मग घासायला घेतला.

आता ऐका! आम्हाला वाटलं होतं हा कच्छ-जैसलमेरकडे नेहमी सापडणारा कचिथायरिस निघेल. पण आत एक पट्टी लागली, सुतासारखी सरळ, कडेने तांबूस, मध्ये चमकदार. अशी पट्टी कुठल्याच पुस्तकात नाही. सर म्हणतात लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, असेल, प्रजाती नवीन आहे. तेवीस तारखेला ते सगळ्या प्राध्यापकांसमोर माझ्या नावानिशी जाहीर करणार आहेत.

काळजी कमी करा, माया तेवढीच ठेवा.
तुमची तहरीम

उंब्रज, १७ फेब्रुवारी (स्पीड पोस्टाने)

चि. तहरीम,
दुवा मागाहून. आधी सरांना थांबव.

ती पट्टी सव्वीस गेजच्या पत्र्याची आहे. माझी आहे.

लालासाहेब सुट्टी संपवून जैसलमेरला परत गेला, तेव्हा तो दगड माझ्याकडे ठेव म्हणून होता. ऐरणीवरून पडला आणि वरचं झाकण निघालं. आत पोकळ होतं. नुसती लाख लावून भागलं असतं. पण उभा जन्म ट्रंका करण्यात गेलेला माणूस, झाकण बिजागरीशिवाय कसं बसवणार? पत्र्याची पट्टी घातली, लाखेत दगडाची भुकटी कालवून सांधा बुजवला. तीस वर्षं कुणाला बोललो नाही. तुझ्या आजीलासुद्धा नाही, अल्ला तिला जन्नत देवो.

आता तुझी बदनामी माझ्यामुळे होणार. लालासाहेबाला कोणत्या तोंडाने सांगू? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. हे पत्र वाचून फाडून टाक. नको, सरांना दाखव, मग फाड.

तुझा गुन्हेगार आजोबा

सांगली, २१ फेब्रुवारी

ती. आजोबांना सलाम.

पत्र वेळेत मिळालं. सरांनी पट्टी पुन्हा भिंगाखाली धरून पाहिली. मग म्हणाले की काम मात्र सुबक आहे.

तुमच्या पट्टीखाली अजून थोडं घासलं, तर शिंपल्याची स्वतःची बिजागरी शाबूत निघाली. कचिथायरिसच! शुक्रवारी मी तेच सांगणार आहे आणि माझी बदनामी होणार नाही. पण घासून घासून दगड आता संपला. प्लॅस्टरची प्रत पाठवते आहे. लालासाहेब आजोबांना तुम्ही स्वतः सांगायचं.

लोभ ठेवा, धीर धरा.
तहरीम

उंब्रज, ३ मार्च

चि. तहरीम हिस अनेक दुवा. वि. वि.

प्रत पोचली. लालासाहेबाच्या हातात दिली, पण सांगायला तोंड उघडेना. त्याने काय करावं? दुकानात सांडलेले ट्रंकेचे रिबिट-खिळे उचलायचा लोहचुंबक घेतला आणि प्रतीला लावला. चिकटेना. तशी ती माझ्याकडे सरकवून म्हणाला की, गड्या, हा माझा दगड न्हाई, माझ्या दगडात तुझी पट्टी हाय.

हरामखोराला तीस वर्षं ठाऊक होतं! विचारलं, तर म्हणतो की दगड चुंबकाला चिकटला तवाच कळलं, तू कवा सांगतोस त्याचीच वाट बघत बसलो होतो. म्हणजे स्टूल त्यासाठी होतं.

काल प्रत पोखरून आत पट्टी बसवली. आता चिकटते. तुझ्या सरांना एवढं कळवू नकोस.

दूध पीत जा.
तुझा आजोबा