बारदान

धुळे, ता. १२ फेब्रुवारी १९९१

ती. आबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

लाडू पोहोचले. माझा खोकला बरा आहे. तरी हे पत्र चांगल्या बातमीचं नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी पारोळ्याच्या बेबाबाई आपल्या आठ महिन्यांच्या पुनाला घेऊन इस्पितळात आल्या. बाळाला फार धाप लागली होती. औषध वजनावर ठरतं, म्हणून काट्यावर ठेवायला सांगितलं. त्या गोधडी काढू देईनात. उघड्या लेकराचं वजन केलं की दृष्ट लागते म्हणाल्या. घाईत मी गोधडीसकटच वजन केलं, साडेसात किलो. तेवढ्या वजनाचं औषध सलाइनमधून सोडलं. तासाभरात झटके सुरू झाले. संध्याकाळी बाळ गेलं. पलंग आवरताना मागे राहिलेली गोधडी मी तोलली. दीड किलो भरली.

आजारही मोठा होता. औषधानंच गेलं का, हे कोणी सांगू शकत नाही. पण एप्रिलात माझी बालरोगाची परीक्षा. तातडीनं आणलेल्या पंचवीस मुलांच्या नोंदींची वही आमच्या विभागप्रमुख साहेबांच्या सहीनिशी द्यावी लागते, आणि त्यात पुनाचं पान आहे, गोधडीची चूक लिहिलेलं. साहेब म्हणतात, ते काढून दुसरं लाव, नाहीतर सही मिळणार नाही. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. सगळी गल्ली पेढ्यांची वाट बघते आहे. काय करू?

माया असू द्या.
तुमची
यशोधरा

धरणगाव, ता. १७ फेब्रुवारी १९९१

चि. यशोधरास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

इकडे बठ्ठं ठीक शे. मी अक्षरं तुझ्याच पाटीवर शिकलो, म्हणून चुकांना हसू नको. आई म्हणते, डॉक्टरीण झाली तरी जेव म्हणून सांगावंच लागतं.

तीस वर्षं काट्यावर कपाशी मोजतो. एकदा बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन, वजा न करताच आकडा पुकारला. ध्यानात आलं तेव्हा गाडी फाटकापाशी गेलेली. धावत जाऊन थांबवली आणि सगळ्यांसमोर पुन्हा पुकारलं. आमचा हमाल पितांबर मला अजून चिडवतो, आधार मापाडी दोनदा पुकारतो म्हणून. चिडवू दे.

कपाशी परत मोजता येते पोरी, लेकरू नाही. एवढं मला कळतं. तरी पान काढू नको. आणि त्या माउलीला तू स्वतः सांग. पेढे राहू दे.

जिवाला जप, पत्र टाकत जा.
तुझा
आबा

धुळे, ता. ३ मार्च १९९१

ती. आबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

पान ठेवलं. साहेबांनी वही सहीशिवाय परत केली. आता परीक्षा ऑक्टोबरात, तेही दुसऱ्या कोणी सही दिली तर. ते सोसेन.

काल पारोळ्याला गेले. गोधडी धुऊन नेली होती. तिचं वजन वजा करायला मी विसरले, चूक माझी, असं स्पष्ट सांगितलं. बेबाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली आणि एवढंच विचारलं, ‘मी तेव्हा ही काढू दिली असती तर?’

ते काम माझं होतं, हे मी चारदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. आबा, मी माझी चूक सांगायला गेले होते. निघाले तेव्हा ती त्यांची झाली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा जाते आहे.

तुमचं दोनदा पुकारून भागलं. मला किती वेळा पुकारावं लागेल, कोण जाणे.

आईला सांगा, जेवते.
लेकीवरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची
यशोधरा