चिकटवलेली दोन पानं

अण्णा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी आलाय, आणि तो मी इथे मस्कतला, अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ओट्याशी उभं राहून लिहून काढतोय.

सातवीत पहिला आलो म्हणून तुम्ही मला एका अमेरिकन माणसाचं चरित्र दिलंत. अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या विधिमंडळातला सभासद. गरीब घरचा, जमिनी मोजता मोजता निवडून आला, म्हातारा होईपर्यंत कायदे करत राहिला, स्वातंत्र्यावर तासन्‌तास बोलला. दर रविवारी तुम्ही ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचात. गावाबाहेरच्या वस्तीतलं आपलं पत्र्याचं घर, तुमचा हात माझ्या खांद्यावर, आणि तुम्ही म्हणताय, "बघ, मोजणीदार कायदे करायला बसला. तुला कोण अडवतंय?" एकदा मी विचारलं, तिथे आपल्यासारखी माणसं नव्हती का? केवढ्यांदा खेकसलात! "नसते प्रश्न नकोत. पुढे वाच."

उद्या लेकीची शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. तिने तेच पुस्तक घेतलं आणि काल किटलीच्या वाफेवर दोन पानं सोडवली. "पप्पा, ही पेजेस कोणीतरी मुद्दाम स्टिक केलीयेत. वाचून दाखवा ना." तिला मराठी अडखळतच वाचता येतं, म्हणून मीच वाचलं. त्याच्या घरी गुलाम होते. मरताना त्याने ती माणसं गुराढोरांबरोबर मुलांना वाटून दिली.

मैद्याची खळ तुमचीच, तुम्ही नोकरीला होतात त्या शाळेचे नकाशे चिकटवायची. कसं करवलं तुम्हाला? गावच्या हॉटेलात ज्यांचा कप वेगळा ठेवायचे, त्या तुम्ही? आपली माणसं शाळेच्या पुस्तकातून गाळली म्हणून हेडमास्तरांशी भांडलात, आणि घरी येऊन दुसऱ्यांची माणसं स्वतःच्या हाताने गाळलीत! मुलाला मोठं करायचं म्हणून काहीही चालतं का?

लेक भडकली. "आजोबांनी चीटिंग केलं! तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

आता ती शेजारच्या खोलीत भाषण पाठ करतेय. "दे हिड इट फ्रॉम माय फादर टू." उद्या भरल्या सभागृहात ती हे म्हणणार.

अण्णा, दहावीत असताना मी ती पानं उघडली होती. वाचली, आणि तुम्ही शाळेतून यायच्या आत तुमच्याच खळीने परत चिकटवली. तुमचा हात खांद्यावरून जायला नको होता मला.

हे तुम्हाला कळवून काय उपयोग? सांगायचं तिला आहे. ती तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणतेय, आणि मी अजून ओट्याशीच उभा आहे.