देव्हाऱ्यात बसलेल्या ड्रिल मशीनची वाटणी

मी, सुपडू वामन महाजन, वय एकाहत्तर, तहसील कचेरीतून निवृत्त, राहणार बुऱ्हाणपूर, आज माझ्याच खाटेवर बसून, चहा पोटात असताना, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या हौसेने हे मृत्युपत्र सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने सत्ताविसाचा पाढा विचारावा. येत्या गुरुवारी इंदूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, पण कागदावर माझी सही त्यांनी आधीच घेऊन ठेवली. म्हणून मीही माझा कागद करून ठेवतो.

लिहून घेणारी माझी सून हिमानी. शाळेत मराठी शिकवते. बोललेला एकही शब्द गाळायचा नाही, अशी तिला ताकीद आहे.

कलम १. राहत्या घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग माझी पत्नी गोदाबाई हिला. पश्चिमेकडचा अर्धा माझा धाकटा भाऊ दगा याचा आहेच. मधली भिंत दोघांची. त्या भिंतीत एक भोक आहे. एका केबलवर दोन टीव्ही चालावेत म्हणून मीच ते पाडले होते. केबल गेली, भोक राहिले. दगा दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही, पण त्या भोकातून ऐकतो सगळे. भोकाचा अर्धा भाग माझा असून तो माझ्या पश्चात कोणी बुजवू नये.

(भिंतीपलीकडून आवाज: "अर्धा काबरं? प्लास्टर आमच्याकडचं जाड आहे. पाऊण भोक आमचं!")

नोंद घेतली. दगा माझ्याशी नव्हे, भिंतीशी बोलला असे समजावे.

कलम २. धूलकोट रस्त्यावरची कपाशीची जमीन आणि बँकेतले जे काही असेल ते गोदाबाईला. तिच्यानंतर मुलगा विपुल याला. अट एकच. विपुलने भिंतीत खिळा ठोकायला माणूस बोलावू नये. इंजिनिअर झालाय म्हणे.

कलम ३. माझा मेहुणा ऋषिकेश, राहणार चांदनी. याने माझ्या ड्रिलचे भिंतीसाठीचे बिट नेले आणि त्याच बिटाने लोखंडी फाटकाला भोक पाडले. भिंतीचे बिट लोखंडाला लावायचे नसते, हे मी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "दाजी, भोक ते भोक." ते बिट आता वरणात फिरवायच्या लायकीचे राहिले आहे. ते त्यालाच द्यावे, पोहोच घेऊन.

कलम ४. माझे ड्रिल मशीन. हे कलम मोठे आहे, हिमानीने पाणी पिऊन घ्यावे.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या औजारांची पूजा होते, आणि औजार ज्याच्या घरी असेल त्याने ती करायची. दोन वर्षांपूर्वी दगाने पडद्यांचे पाइप लावायला मशीन नेले आणि मधेच दसरा आला. आता पूजा म्हणजे बोटभर कुंकू, एक फूल, झाले. पण आमचा दगा भाविक. त्याने मशीनच्या हवेच्या फटींतून मूठभर अक्षता आत ओतल्या.

("आतच टाकायच्या! देव आत राहतो, डब्यावर थोडाच बसतो!")

पूजेनंतर मशीन चालू होईना. दगाचे व्याही चहा पीत बसले होते, त्यांच्यादेखत मी म्हणालो, "दग्या, तू मशीनची पूजा नाही केली, तेरावं केलं." तो म्हणाला, "मेलं नाही ते. देवी बसली त्यात." आणि त्याने ते मशीन उचलून देव्हाऱ्यात ठेवले. आजही तिथेच आहे. रोज हळदकुंकू होते. मला परत देत नाही, स्क्रू उघडू देत नाही, म्हणतो, बसलेल्या देवाचं पोट फाडता येत नाही. आता बोला!

त्यानंतरच्या दोन्ही दसऱ्यांना दगाने आख्ख्या गल्लीला सोने वाटले. मला नाही. मी दारात नवा सदरा घालून बसलो होतो. आपट्याची पाने काय, बाजारात ढिगाने मिळतात. पण धाकट्या भावाने पाया पडून दिलेले सोने बाजारात मिळत नाही. मला फार वाईट वाटले, हे असेच्या असे लिहावे.

(पलीकडे भांडे पडल्याचा आवाज.)

तर सदर मशीन मी दगालाच देतो. मात्र बंद मशीन देणे माझ्या स्वभावात नाही, सबब दुरुस्तीसकट देतो. ती अशी:

सर्वप्रथम प्लग काढलेला असावा.

("प्लग लावला कोणी? देवीला करंट देऊ का?")

उत्तम. मग मशीन उलटे धरून हलवावे आणि जुन्या दातांच्या ब्रशने फटींतल्या अक्षता झाडून काढाव्या.

("उलटं? भाऊ, डोकं फिरलं का? पाप लागेल ना भो!")

हा दोन वर्षांत त्याच्या तोंडून निघालेला पहिला "भाऊ" आहे, हिमानीने खाली रेघ मारावी. पापावर उपाय सांगतो. आधी उत्तरपूजा करावी, अक्षता वाहून मशीन जागेवरून किंचित हलवावे. गणपतीला तेच करतो ना आपण? मग देवी मोकळी, मशीनही मोकळे.

(पलीकडे बराच वेळ कुजबुज. मग घंटी. दगाकाकांच्या पत्नी भागाकाकूंचा आवाज: "गूळ तरी दाखवा, तसंच नका पाठवू तिला." मग तांदूळ ताटात पडल्याचा आवाज. बाबा डोळे मिटून मोजत होते की झोपले होते, सांगता येत नाही. — हिमानी)

झोपलो नव्हतो. पुढे. मशीनच्या दोन्ही बाजूंना गोल झाकणे असतात. ती उघडून आतले कार्बन, म्हणजे मोटारीला वीज पोचवणारे छोटे काळे ठोकळे, बाहेर काढावे. चांगला कार्बन बोटाच्या पेरापेक्षा जरा लहान असतो.

("आमचा हरभऱ्याच्या डाळीएवढा राहिला.")

मग झिजला. माझ्या कपाटात नवी जोडी आहे. कार्बन नेहमी जोडीने बदलावा, एक जुना एक नवा ठेवला की दोघे एकमेकांना खातात. हिमानी, भोकातून दे त्याला.

(दिली. पेन्सिलीने ढकलावी लागली. पलीकडून काकांनी पेन्सिलही ओढून घेतली.)

आता झाकणे लावून, प्लग जोडून, मशीन हातात घट्ट धरून बटण दाबावे.

("नाही होऊन राहिलं! बिल्कुल बी नाही! पाहिलं? देवी रुसली. मी म्हणत होतो!")

दग्या, ओरडू नको. बटणाच्या वर एक छोटी पट्टी आहे, सुलटे-उलटे फिरवायची. ती कुठे आहे?

("मधी आहे. तिथंच तर मी दरवेळी गंध लावतो, अंगठ्यानं दाबून.")

पट्टी मधे असली की बटण दाबलेच जात नाही. तसे ते बनवलेलेच आहे, हाताला लागू नये म्हणून. एका बाजूला सरकव.

(घर्रर्रर्र. भागाकाकू किंचाळल्या. आमच्याकडे आई हात जोडून उभ्या राहिल्या.)

("भाऊ... म्हणजे दोन वर्षं हे नुसतं...")

हिमानी, हे लिहू नकोस.

(लिहिले आहे. — हिमानी)

कलम ५. गुरुवारी ऑपरेशनच्या खोलीबाहेर विपुल असेलच. पण विपुल मोबाईलमध्ये बघत बसतो. मला आत नेतील तेव्हा दाराशी दगा असावा. लहानपणी तापीच्या पुरात मी त्याचा हात धरला होता, आता त्याने माझा धरावा. मला भीती वाटते आहे. हे कलम कायद्यात बसत नाही, मला ठाऊक आहे. कचेरीत नोकरी केली आहे मी.

(पलीकडे मशीन बंद झाले.)

कलम ६. हे सगळे अमलात आणण्याचे काम हिमानीकडे. ती गाळत नाही, हे वर दिसलेच आहे.

कलम ४ रद्द. कारण मी, हिमानी, लिहिते ते असे. साक्षीदार म्हणून समोरच्या पूर्णिमाबाई आल्या. दुसऱ्या साक्षीदाराला बोलावणे धाडणार, इतक्यात दगाकाका कपाळाला कुंकू, काखेत मशीन अशा अवस्थेत दारातून आत आले आणि म्हणाले, "पेन आण बेटा." मी म्हणाले, "काका, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये, असं वकील सांगतात." काका म्हणाले, "मग मशीनचं कलम खोड." बाबा म्हणाले, "अरे, आता तर ते चालू झालं!" काका म्हणाले, "चालू झालं म्हणून तर परत देऊन राहिलो. बंद पडलेलं मी तुमच्या गळ्यात मारलं असतं का?" सबब मशीन, बाबा आहेत तोवर, बाबांचेच. — हिमानी

मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे. भोकाचा वाद वेगळा चालू राहील.

ठिकाण: बुऱ्हाणपूर. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४.

सही: सुपडू वामन महाजन

साक्षीदार पहिली: पूर्णिमा चौधरी. माझ्यासमोर सही झाली. आरडाओरडाही माझ्यासमोरच झाला.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हाताने: दगा वामन महाजन. भाऊची सही खरी आहे, तिला माझी साक्ष. मरण्याच्या गोष्टीला माझी साक्ष नाही. गुरुवारी पहाटे गाडीत भाऊच्या बाजूला मी बसणार आहे, विपुलने पुढं ड्रायव्हरजवळ बसावं.