वहिनीच्या गालावरचं पुरळ

१२ मार्च, दुपार

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझ्या खुर्चीचं एक चाक मोडलंय, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे जरा कलतीच बसते. स्टुडिओत अर्जांच्या फोटोंची गर्दी आहे. सकाळी एका मुलीच्या फोटोतली मुरमं काढून दिली, तर तिची आई म्हणते, "नाकही जरा सरळ करा की." म्हटलं, "बाई, ते खातं देवाकडे." एरवी हे तुला फोन करून सांगितलं असतं.

माझा नियम तुला पाठ आहे. आठ-पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते न विचारता काढायचं. तीळ, व्रण, असं जन्मभराचं असेल त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "आमची खोडरबर फार तत्त्वाची," असं तू चारचौघांत कौतुकानं सांगायचास.

वहिनीच्या वाढदिवसाचा फोटो पाठवलास तेव्हा म्हणालास, "अगं, क्रीमने पुरळ उठलंय तिच्या गालावर. साफ करून दे, फ्रेम करायचाय." मी केला. नियमात बसत होतं. त्वचेची बारीक छिद्रंसुद्धा शाबूत ठेवली. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

परवा काकांकडे सगळे बसलो होतो. वहिनी म्हणाली, वाढदिवसाच्या दोन-तीन दिवस आधी तू तिच्यावर हात उचललास. तू शांतपणे पिशवीतून तीच फ्रेम काढलीस. "बघा, वाढदिवसाचा फोटो. दाखवा कुठे आहे वळ!" फ्रेम हातोहात फिरली. काका म्हणाले, "फोटो कशाला खोटं बोलेल?" तेव्हा वहिनीने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी फ्रेम पुढच्याच्या हातात दिली.

केसाने गळा कापलास दादा. तिचा आणि माझाही, आणि तोही माझ्याच हातांनी.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पुरळ लाल असतं, दाणेदार असतं. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा ते आत जांभळं आणि कडेला हिरवट-पिवळं होतं, पार कानापर्यंत गेलेलं. मला ते दिसलं होतं. पण दादा पुरळ म्हणतोय ना, मग पुरळच. लहानपणापासून तू म्हणशील ती पूर्व दिशा. ते तुला माहीत होतं, म्हणून तर दुसऱ्या कुणाकडे न जाता तू माझ्याकडे आलास.

एक मात्र तुला माहीत नव्हतं. मूळ फोटो मी कधीच पुसत नाही. तो आणि मी साफ केलेला, दोन्ही मोठे छापून घेतलेत. रविवारी वहिनीला घेऊन काकांकडे जाणार आहे. खोटा कुठला, तो कुणी केला आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगणार आहे. यात माझीही अब्रू जाईल, जाऊ दे.

तूही ये. येताना फ्रेम आण.

तुझी धाकटी बहीण
(खोडरबर म्हणून पुन्हा हाक मारू नकोस.)