संदेशचा गुडघा

शुक्रवार संध्याकाळ, मुहैस्नाह

दहा महिन्यांनी संदेश आज कबड्डीला उतरला. आखातातल्या आमच्या कामगार कॅम्पमधला सगळ्यात भारी चढाईपटू. त्याचा गुडघा माझ्याच पकडीत फिरला होता. तो ‘कट्ट’ आवाज अजून कानातून जात नाही.

पहिल्याच चढाईला तो माझ्याकडे आला. पाय हातात सापडलाही, पण पुन्हा तोच आवाज ऐकू आल्यासारखं झालं आणि मी पाय सोडला. कोणासाठी घाबरलो? त्याच्यासाठी की माझ्यासाठी?

खेळ संपल्यावर तो शेजारी येऊन बसला.

“मुद्दाम सोडलास ना?”

मी पायांची वाळू झटकत राहिलो.

“डॉक्टर म्हणतो, गुडघा बरा झालाय. तू असा सोडत राहिलास तर मला कसं कळणार? पुढच्या शुक्रवारी धर.”

हो म्हणालो खरा. मला धरवेल का, तेही पुढच्या शुक्रवारीच कळेल.