नवव्या धड्यातले मामा

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत, मामीचे गुडघे, चिमीचं कॉलेज, सगळं कसं आहे ते कळवा. चिमीचं आधी कळवा. तिच्या वर्गात इंग्रजीचे किती धडे झाले तेवढं तर नक्कीच. (का विचारतो ते पुढे येईल. मामी जवळ असेल तर गच्चीवर जाऊन वाचा. फोनच केला असता, पण तुमचा फोन तीच उचलते.)

मी इथे कॉलेजात छपाईच्या मशीनवर आहे. (शेजाऱ्यांना तुम्ही मी शिकवतो म्हणून सांगितलंय, तेही मला कळलंय. असो.) इथल्या इंग्रजीच्या मॅडमनी यंदा विकतचं पुस्तक बंद केलं. इतकं महाग, की निम्मी मुलं ते न घेताच परीक्षेला बसायची. त्याऐवजी इंटरनेटवरचं मोकळं पुस्तक आणलं. ते नुसतं फुकट नाही. कुणीही घ्यावं, नको तो धडा काढावा, हवा तो घालावा, पुढच्याला द्यावं. मला सातवीत असं पुस्तक मिळालं असतं तर मी सगळेच धडे काढले असते आणि आज कुठल्या कुठे असतो.

तर नववा धडा पत्रलेखनाचा. त्यातलं पत्र इतकं शिळं, की मॅडमनी वर्गाला विचारलं, कुणाकडे घरून आलेलं खरं पत्र आहे का? एकसष्ट मुलं, पण एकालाही जन्मात कुणी पत्र लिहिलेलं नाही. मी दारात कागदांचा गठ्ठा घेऊन उभा. छाती फुगली हो मामा! म्हटलं, "माझे मामा लिहितात मला," आणि खिशातलं काढून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

होय, तेच पत्र. दाढ काढायला गेलात, डॉक्टरने सांडशीसारखं काहीतरी उचललं, तुम्ही मागच्या दाराने पळालात, घरी गालात कापूस धरून बसलात आणि मामी बिचारी आठवडाभर सगळं मऊ करून भरवत होती. 'हिला कळता कामा नये' याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. मॅडमनी इंग्रजी करताना त्या रेघाही ठेवल्या. वर प्रश्न काढले: मामा का पळाले? मामीला फसवणं योग्य होतं का? पाच ओळींत लिहा.

मुलांना धडा इतका आवडला, की मॅडमनी तो इंटरनेटवरच्या पुस्तकात घातला. परवा नाचतच आल्या. "अरे, आणखी चार कॉलेजांनी आपलं पुस्तक घेतलं!" त्यातलं तिसरं नाव चिमीच्या कॉलेजचं. मी चालू मशीन तिथेच बंद केलं. म्हटलं, धडा परत घ्या. तर म्हणतात, "मोकळं सोडलेलं परत येत नसतं रे. ज्यांनी घेतलं, त्यांच्याकडे ते राहणार." तुमचं नाव नाही, पण उजवी दाढ, मोडक्या घंटीची सायकल आणि 'तुझी मामी म्हणजे फौजदार' हे वाक्य जसंच्या तसं आहे. चिमी काय खुळी आहे? माझ्या अंदाजाने त्यांचा सातवा धडा चालू असेल.

जीव टांगणीला लागलाय. उलट टपाली कळवा.

तुमचा,
(पत्रात तुम्हीच म्हणता तो) अर्धवट भाचा

ता. क. : पत्र छापण्याआधी एका कागदावर 'लिहिणाऱ्याची परवानगी आहे' अशी खूण करायची होती. ती मीच केली. आता प्राचार्यांना तुमची सही हवी आहे. महिनाअखेर आली नाही तर मशीनवर दुसरा माणूस येईल. कागद सोबत आहे. सही केलीत न केलीत, धडा राहणारच. मग निदान माझी नोकरी तरी राहू दे.

ता. क. २ : फसवणं योग्य होतं का, याला साठ जणांनी 'नाही' लिहिलं. एकाने 'हो' लिहिलं. त्याचीही दाढ दुखते म्हणे.

ता. क. ३ : सहीला घरातला साक्षीदार लागतो, आणि त्याने मूळ पत्र (तेही सोबत आहे) वाचून मगच सही करायची आहे. घरात तुमच्याशिवाय माणसं दोनच. तेव्हा मामा, आधी दाढ काढून या.