आईच्या आवाजासाठी दोन कप्प्यांची पेटी

एकलहरे, नाशिक
२ नोव्हेंबर २०२५

ती. प्रतिभाताईस,
धाकट्या नवनाथचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर आपण दोघंही लगेच तापतो, म्हणून लिहितो आहे. तुझ्याकडची आईची कॅसेट आठवडाभर दे. पौर्णिमेला विहारात आई गायची, तो आवाज आता त्या एका फितीवरच उरला आहे. घरचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि ती गाणी एका जागी राहावीत, टीव्हीवर कुणालाही लावता यावीत, म्हणून वायफायच्या डब्याला जोडायची साठवणीची पेटी घेतो आहे. आमची पोरगी स्नेहा तिला नास म्हणते.

एका डिस्कची स्वस्त होती, मी नको म्हटलं. चार डिस्कवालीचा पंखा आमच्या वीज केंद्रातल्या कोळशाच्या मिलसारखा घरघरतो. मग दोन कप्प्यांची ठरवली. एका डिस्कवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उतरतं. प्लांटात प्रत्येक पंपाला स्टँडबाय असतो, तसं. डिस्क दिवसरात्र चालणाऱ्या जातीच्या, आणि दोन वेगळ्या दुकानांतून घेणार. एकाच लॉटची बेअरिंग एकदमच जातात, हे पंचवीस वर्षं बघतो आहे. प्रोसेसर पोरीने निवडला. व्हिडिओ अडकणार नाही म्हणते.

पेटी यायची आहे, तोवर तुझ्या भावजयीने, सुलाने, प्लांटच्या राखेपासून जपायला क्रोशाचं झाकण विणायला घेतलंसुद्धा. पेटीला श्वास घ्यावा लागतो, हे तिला तूच सांग.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा
नवनाथ

दिंडोरी
९ नोव्हेंबर २०२५

चि. नवनाथ यास,
ताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

द्राक्षाची छाटणी उरकली. आता घड औषधात बुडवायला बाया मिळत नाहीत. गुडघा बरा आहे. कॅसेट मिळणार नाही.

तुझ्याकडेही एक होती. तिच्यावर तू बॉयलरच्या परीक्षेची उत्तरं भरलीस आणि मला सांगितलंस की फीत अडकून तुटली. मी तेव्हाच तुझ्या घरी ती लावून ऐकली होती. आईच्या जागी तू पाण्याच्या दाबावर भाषण देत होतास, तेही चुकत चुकत. घरी आल्या आल्या मी माझ्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडले. ते मोडले की वर दुसरं काही भरता येत नाही.

मला कॉम्प्युटर कळत नाही, पण एक विचारते. तुझ्याच बोटाने पुसलं गेलं तर दुसरी डिस्क काय करील? गारपीट आली की शेजारशेजारच्या दोन्ही ओळी जातात. म्हणून आम्ही नव्या जातीच्या काड्या मोहाडीला नणंदेच्या रानातही लावून ठेवतो.

सुलाला म्हणावं, झाकण माझ्या मिक्सरला दे.
तुझं भलं चिंतणारी
ताई

एकलहरे
१६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

चोवीस वर्षं तुला माहीत होतं आणि तू एकदाही बोलली नाहीस. वंदनेत खोटं न बोलण्याचं शील घेताना दर वेळी माझी जीभ जड व्हायची. चुकलो, ताई. पुसलं तेही मीच आणि खोटं बोललो तेही मीच. फीत तुटली नव्हती.

पेटी आली. तुझं पत्र स्नेहासमोर ठेवलं. तिने एक फोटो पुसून दाखवला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्हीकडून गेला. स्टँडबाय चालू पंप बंद पडला तरच कामाचा. माणसानेच चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर तोही पाणी बाहेरच फेकतो. माझ्या धंद्यातली गोष्ट मला तुझ्या द्राक्षांनी शिकवली.

तेव्हा एका डिस्कची लहान पेटी तुझ्याकडे बसवू. ती रोज पहाटे इथली प्रत ओढून घेईल. इथे पुसलं तरी तिथलं पुसलं जाणार नाही. तिचा पासवर्ड तुझ्या सूनबाईकडे, तेजस्विनीकडे राहील. मला सांगायचाच नाही.

सगळं अनित्य आहे हे रोज म्हणतो. त्याने निष्काळजीपणाची सूट मिळत नाही, हे उशिरा कळलं. पौर्णिमेला कॅसेट घेऊन ये आणि स्वतः तपास. चालवून पाहिल्याशिवाय स्टँडबायवर विश्वास ठेवायचा नाही, असा प्लांटचा नियम आहे.

रागावलीस तरी येणं टाळू नकोस.
नवनाथ

दिंडोरी
७ डिसेंबर २०२५

चि. नवनाथ यास,
आशीर्वाद. जयभीम.

सुखरूप पोचले. तू आधीच बसवून गेलेली लहान पेटी फडताळावर छान बसली आहे, उघडीच.

पौर्णिमेला कॅसेटवरून पेटीत उतरवलेली आई परवा सकाळी टीव्हीवर गात असताना तू एक डिस्क खस्सकन ओढून बाहेर काढलीस, तेव्हा माझा जीव गेला होता. पेटी पी-पी करत राहिली, पण आईचा सूर हलला नाही. मग मी स्नेहाला कळ विचारली आणि आईचं गाणं पुसलं. तुला वाटलं असेल, म्हातारीला चळ लागला. मला तुझा चेहरा बघायचा होता. तू घाबरला नाहीस. दिंडोरीला फोन लाव, एवढंच म्हणालास. तेजस्विनीने इकडे लावलं, आणि माझ्याच घरातून आई मला ऐकू आली. कडव्याच्या आधी खोकते ना, तो खोकलासुद्धा.

तेव्हा सुला रडली. मी घरी येऊन रडले.

आता कामाचं. कॅसेट तुमच्याकडे आईच्या फोटोमागे आहे. ताई वयाने विसरली असं समजून ती घेऊन पळत येऊ नकोस. मी मुद्दाम ठेवली आहे. आता ती तुझ्याकडेच राहू दे.

तिचे दात मी मोडलेले आहेत. नसते मोडले तरी आता ठेवली असती.

सर्वांना गोड पापा.
तुझी
ताई